खरा कागद, खोटा व्यवहार

जुन्नरला हातकागद बनत असे, आणि पेशवाईत ‘जुन्नरी कागद’ या नावाने तो ओळखला जाई. दफ्तरखान्यात, पेढीवर, देवस्थानच्या हिशेबात हा कागद चाले. कर्जाची खतेही असल्याच साध्या कागदावर लिहिली जात. त्या खताला बळ येई ते गावाच्या माहितीतून. साक्षीला कोण होते, पाटील-कुलकर्ण्यांना व्यवहार ठाऊक होता का, पैसे बी-बियाण्याला घेतले की लग्नाला, हे चार लोकांना माहीत असे, आणि तंटा पंचायतीपुढे गेला की विचारपूसही याचीच होई. वसुली बरीचशी सावकाराची त्यालाच करावी लागे. कुळाच्या दारात माणूस बसवायचा, तगादा लावायचा, नाही तर स्वतः धरणे धरायचे. एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात या तगाद्याची दखल घेतली आहे. इंग्रजी अंमल स्थिरावला तसे खत सरकारी स्टँपच्या कागदावर करावे लागू लागले आणि ते वसूल करून देण्याचे काम दिवाणी कोर्टाने अंगावर घेतले. गावाची आठवण मागे पडली आणि कागद पुढे आला. या कागदाच्या आधाराने झालेल्या फसवणुकीतली कोणती कोर्टाला गुन्हा म्हणून दिसली आणि कोणती दिसलीच नाही, याचा विचार या प्रकरणात करायचा आहे. माझे म्हणणे असे, की ज्या राज्याचा कारभार कागदावर चालतो ते राज्य कागदाच्या अस्सलपणाला फार जपते, आणि त्यामुळेच अस्सल कागद हाती धरून केलेली लबाडी त्याच्या डोळ्यांआड राहते. १८७०च्या दशकात जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात जे घडले त्याचा अर्थ यातून लागतो. मात्र या जपणुकीचे मूळ पाहायला आधी लंडनला जावे लागेल.

फ्रान्सशी चाललेल्या युद्धाला पैसा हवा म्हणून इंग्लंडच्या सरकारने १६९४ साली लॉटरी काढली. तिकीट १० पौंडांचे, आणि तिकिटे १ लाख. तेव्हापासून १८२६ पर्यंत, सुरुवातीला मधूनमधून आणि पुढे जवळजवळ दरवर्षी, सरकारी लॉटरी निघत राहिली. वेस्टमिन्स्टरचा पूल आणि ब्रिटिश म्युझियम यांनाही पैसा याच वाटेने मिळाला. तिकिटे वहीत छापत आणि मधल्या वेलबुट्टीच्या पट्ट्यातून वेडावाकडा काप घेऊन ती सुटी करत. बक्षीस लागले की तिकिटाची कड वहीतल्या स्थळप्रतीशी जुळवून पाहायची. सोडत गिल्डहॉलमध्ये कित्येक दिवस चाले. मोठाल्या चाकांतून चिठ्ठ्या काढायला ख्राइस्ट्स हॉस्पिटल या धर्मादाय शाळेतली निळ्या डगल्यातली मुले आणत. १७७५ साली या मुलांना फितवून चिठ्ठी लपवायला लावण्याचा प्रकार उघडकीस आला, तेव्हा नियम झाला की चाकाशी जाण्याआधी मुलाचे खिसे शिवून टाकावेत, डावा हात पाठीमागे कमरपट्ट्यात अडकवावा आणि उजवा हात बोटे पसरून सगळ्यांना दिसेल असा ठेवावा. इतक्या बंदोबस्तातही कोणी तिकीट बनावट केले, किंवा खऱ्या तिकिटावरचा आकडा खोडून बक्षिसाचा आकडा घातला, तर त्याला शिक्षा फाशीची होती.

आता याच लॉटरीतली दुसरी बाजू. अख्खे तिकीट सामान्य माणसाला परवडत नसे, म्हणून लॉटरीची दुकाने तिकिटाचे वाटे करून विकत: निम्मा, चौथा, सोळावा, त्याहूनही लहान. दुकानदाराकडे मूळ तिकीट आहे की नाही हे गिऱ्हाइकाला दिसायचे नाही. एकाच तिकिटाचे हवे तितके वाटे विकता येत, आणि बक्षीस लागलेच तर एका रात्रीत दुकान बंद करून पसार होता येई. शिवाय अमुक आकडा अमुक दिवशी चाकातून निघेल का, यावर थोडेथोडके पैसे लावण्याचा धंदा होता. त्याला ‘विमा’ म्हणत, आणि मोलकरणी, शिकाऊ कामगार, फेरीवाले त्यात पगारासकट बुडत. मुंबईच्या मटक्याचा हा पूर्वज म्हटला तरी चालेल. या दोन्ही धंद्यांत फसलेल्यांची संख्या बनावट तिकिटाने फसलेल्यांहून कितीतरी मोठी असणार, पण त्याबद्दल दुकानदाराला दंड होई, फार तर भटक्या-उनाडांच्या कायद्याखाली थोडी कैद. तिकिटे आणि त्यांचे वाटे कोणी खोटे छापलेले नव्हते. एवढ्यावरून तो गुन्हा एकदम हलका झाला.

ब्रिटिश म्युझियमसाठी १७५३ साली काढलेल्या लॉटरीत एका माणसाला २० पेक्षा जास्त तिकिटे देऊ नयेत असा नियम होता. ती विकण्याची जबाबदारी असलेल्या पीटर लेह्यूपने खोट्या नावांच्या याद्या करून सॅम्सन गिडियन या एकट्या दलालाला ६ हजारांहून अधिक तिकिटे दिली, आणि बाजारात टंचाई होऊन भाव चढले. पार्लमेंटने चौकशी केली, खटला चालला, आणि १७५५ साली लेह्यूपला १ हजार पौंड दंड झाला. पुढे १७७७ साली विल्यम डॉड या प्रसिद्ध धर्मोपदेशकाने लॉर्ड चेस्टरफील्डच्या नावाचा ४,२०० पौंडांचा खोटा रोखा केल्याचे सिद्ध झाले. बरेचसे पैसे परत मिळाले होते, ज्यूरीने दयेची शिफारस केली होती, हजारो लोकांनी सह्या करून अर्ज केला होता. डॉडला तरीही फाशी दिले. ही जोडी लावणे अन्यायाचे आहे असे कोणी म्हणेल: एकाने दुसऱ्याची सही ठोकली, दुसऱ्याने विक्रीचा नियम मोडला, दोन गुन्हे एका तागडीत कसे घालायचे? पण माझा मुद्दा नेमका तिथेच आहे. नुकसान किती जणांचे आणि किती झाले, या हिशेबाने पाहिले तर लेह्यूपचे पारडे खाली जाते. कायदा नुकसान मोजतच नव्हता. त्या काळच्या इंग्रज न्यायाधीशाची बाजूही समजून घ्यायला हवी. हुंड्या, नोटा, रोखे यांवर ज्या देशाचा व्यापार चालतो, तिथे एक खोटी सही उरलेल्या सगळ्या सह्यांवर संशय आणते, ही भीती काही वेडगळ नव्हती. वाईट एवढेच झाले, की या भीतीपोटी सहीच्या आत काय दडले आहे हे पाहण्याची सवय लागली नाही.

ही दृष्टी हिंदुस्थानात लवकरच आली आणि तिचा पहिला गाजलेला प्रयोग कर्जरोख्यावरच झाला. ऑगस्ट १७७५ मध्ये कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाने महाराजा नंदकुमार यांना एका सराफाच्या नावाचा खोटा रोखा केल्याबद्दल, इंग्लंडच्या कायद्याने, फाशी दिले. नंदकुमारांनी वॉरन हेस्टिंग्जवर लाचखोरीचे आरोप केले होते आणि खटल्यामागचे राजकारण आजही वादाचा विषय आहे. ते इथे बाजूला ठेवू. मेकॉलेच्या मसुद्यावर आधारलेली दंडसंहिता १८६२ पासून लागू झाली. तिच्यात या गुन्ह्यांना फाशी उरली नाही, पण उतरंड तीच राहिली. कलम ४२० खाली फसवणुकीला जास्तीत जास्त ७ वर्षे. कलम ४६७ खाली मौल्यवान रोख्याची बनावट केल्यास जन्मठेपेपर्यंत. कलम ४७७ खाली असा रोखा लबाडीने फाडला, जाळला, तरी जन्मठेपेपर्यंत. म्हणजे कुणब्याला ठकवून खत लिहून घेणाऱ्यापेक्षा ते खत चुलीत घालणारा कायद्याच्या नजरेत जास्त गुन्हेगार ठरू शकत होता.

पुणे जिल्ह्यात खतावरची फसवणूक कशी चाले, हे सावकारांविरुद्धच्या १८७५च्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाने खोलात जाऊन पाहिले. निखळ बनावट खते होतीच. पण आयोगापुढे जे वारंवार आले ते वेगळे होते. १०० रुपये लिहून घ्यायचे आणि हातात कमी द्यायचे. ‘पैसे उद्या देतो, आज खत करून ठेव’ म्हणायचे आणि तो उद्या कधीच येऊ द्यायचा नाही. हप्ता घ्यायचा पण पावती द्यायची नाही. कर्ज फिटले तरी जुने खत परत करायचे नाही, आणि चार वर्षांनी तेच कोर्टात काढायचे. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताला ३ वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोच्या भल्याचा होता, जुनी भुते उकरून काढली जाऊ नयेत एवढाच. सावकारांनी त्याचे उलटे हत्यार केले. दर ३ वर्षांनी मुद्दल आणि थकलेले व्याज मिळवून नवे खत लिहायचे. नव्या खतात ती सगळी रक्कम मुद्दल, आणि तिच्यावर पुन्हा व्याज. आमच्याकडे दामदुप्पटीची जुनी मर्यादा होती, व्याज मुद्दलापेक्षा वाढू द्यायचे नाही अशी. खत नवे होताना ती आपोआप पुसली जाई. १०० रुपयांच्या कर्जावर २ हजारांहून जास्त व्याज लावल्याचे एक उदाहरण आयोगापुढे आले. या कागदांत खोटे काय होते? स्टँप सरकारी, साक्षीदार हयात, आणि खाली कुळाने स्वतःच्या हाताने काढलेली नांगराची निशाणी. कागद अगदी चोख होता.

इथे वकिली आक्षेप येतो आणि तो कमकुवत नाही. दंडसंहितेचे कलम ४६४ सांगत होते की मजकूर कळू न देता फसवून एखाद्याकडून सही घेतली तर तोही बनावट दस्तऐवजच. १८७२चा पुरावा कायदा लेखी कराराविरुद्ध तोंडी पुरावा सहसा घेऊ देत नसे, पण फसवणूक किंवा मोबदला न मिळणे दाखवायचे असेल तर त्यालाही वाट ठेवत होता. मग कायदा आंधळा होता असे कसे म्हणायचे? पुस्तकात तो आंधळा नव्हता, हे मान्य. पण तो वापरायचा तर कुळाने कोर्टात उभे राहायला हवे. दावा लागल्याची बातमीच पुष्कळदा कुळापर्यंत पोचत नसे. समन्स घराला चिकटवले असे सांगितले जाई, किंवा तेही नाही. पोचले तरी भीमाशंकराच्या पायथ्याच्या वाडीतला कोळी भात सोडून कोर्टाच्या गावी दिवसच्या दिवस कुठे बसणार, आणि वकील कशाचा लावणार? दावे एकतर्फी सुटत, हुकूमनामा होई, मग जप्ती येई. आणि कूळ कोर्टात गेलेच तर खताचा लेखक सावकाराचा, साक्षीदार बहुधा त्याच्या पेढीवर येणारे-जाणारे, अन् पावती कधी मिळालेलीच नाही. फसवणूक सिद्ध करण्याचा अधिकार होता, पण पुराव्याचा प्रत्येक तुकडा ज्याच्यावर आरोप करायचा त्याच्याच घरात होता. सावकाराला खोटे खत करण्याची जोखीम घ्यायची गरजच काय? कोर्टाला पटेल असे खरे खत त्याला सहज मिळत होते.

मग जे कोर्टात झाले नाही ते कोर्टाबाहेर झाले. आजचा आंबेगाव तालुका तेव्हा खेडमध्ये मोडत असे. त्याच्या पश्चिमेला घोड नदीच्या खोऱ्यात जांभोरी हे गाव आहे. तिथल्या होन्या भागोजी केंगले या कोळी पुढाऱ्याने १८७३ पासून टोळी बांधून सावकारांवर हल्ले सुरू केले. पुणे, नगर, नाशिक, ठाणे या जिल्ह्यांच्या डोंगराळ कडांवर ही टोळी फिरे, सावकारांना लुटे आणि पुष्कळांची नाके कापी. लुटीने पैसा गेला असता, पण ज्याच्या दारात गावाने वाकून उभे राहायचे त्याची अब्रू जायला हवी होती. सरकारने होन्यासाठी १ हजार रुपयांचे बक्षीस लावले आणि खास सशस्त्र पोलीस पाठवले. अखेर १८७६ साली मेजर डॅनियलने त्याला पकडले. या मुलुखाला हे नवे नव्हते. शेजारच्या अकोल्याच्या डोंगरातल्या राघोजी भांगऱ्याने १८४४-४५ मध्ये असेच सावकारांविरुद्ध बंड केले होते, आणि २ मे १८४८ रोजी त्याला ठाण्याला फाशी झाले. पूर्वेच्या सपाटीवर वेगळ्या तऱ्हेने उठाव झाला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी सावकारांची घरे-दुकाने लुटली गेली आणि लोण शिरूर, पारनेरपर्यंत, म्हणजे आंबेगाव आणि जुन्नरच्या कुसापर्यंत आले. तिथे जमावाची मागणी बहुतेक ठिकाणी एकच होती: खते आणि हुकूमनामे बाहेर काढा. ती मिळाली की जाळायची. माणसांवर हात फार थोड्या जागी पडला. पुणे जिल्ह्यात ५५९ आणि नगर जिल्ह्यात ३९२ जण पकडले गेले. त्यांपैकी अनुक्रमे ३०१ आणि २०० जणांना शिक्षा झाल्या. फौजदारी कोर्टाने ९५१ माणसांचा छडा काही महिन्यांत लावला. ज्या कागदांसाठी हे सगळे झाले त्यांच्या मागचे व्यवहार तपासायला मात्र सरकारला वेगळा आयोग बसवावा लागला.

दंग्यांचे कारण खतावरची फसवणूक नव्हतेच, असेही म्हटले जाते. सारा वाढला होता; १८६७ नंतरच्या फेरआकारणीवर पुण्याच्या सार्वजनिक सभेने तक्रार केलीच होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात कापसाचे भाव चढले तेव्हा सावकारांनी मोकळ्या हाताने कर्ज दिले, आणि भाव कोसळल्यावर हात आखडला. आयोगाला असे दिसले की सरकारी जमीन कसणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक कर्जात होते आणि त्यांचे कर्ज त्यांच्या साऱ्याच्या सरासरी अठरापट होते. हे सगळे खरे आहे, आणि कर्जाचा डोंगर नुसत्या लबाडीने उभा राहिला असे मी म्हणत नाही. साऱ्याचा हप्ता भरायला वेळेवर पैसे देणारा सावकारच होता, हेही विसरून चालणार नाही. सगळे सावकार ठक नव्हते आणि कुळेही घेतलेले पैसे घेतलेच नाहीत असे सांगायला कमी करत नसत. पण कर्ज आणि सारा कोकणातही होता, खानदेशातही होता. इथल्या जमावाने मामलेदार कचेरी सोडून खतांची पेटीच फोडली. आपला राग कशावर आहे हे त्यांना चांगले कळत होते, असे मानायला काय हरकत आहे?

१८७९ साली सरकारने जो कायदा केला तो एका परीने जमावाचे म्हणणे मान्य करणारा होता. डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट हे त्याचे नाव. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाण्याचा अधिकार दिला, किंबहुना ते त्याचे कर्तव्यच केले. व्यवहार पहिल्या रुपयापासून कसा सुरू झाला, किती वेळा खत नवे केले, त्यात मुद्दल किती आणि व्याज किती, हे उकरायचे; कुळाला समोर बोलावून विचारायचे; कबूल केलेला व्याजाचा दर अवाजवी वाटला तर तो मोडायचा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद नाही. पावती देणे सक्तीचे. आणि गावोगाव दस्त नोंदणारे नेमले, ज्यांच्यासमोर लिहिल्याशिवाय शेतकऱ्याचे खत कोर्टात चालणार नाही. इंग्लंडने लॉटरीच्या वाट्यांबाबत अठराव्या शतकाच्या अखेरीस असेच केले होते: मूळ तिकीट आधी सरकारी कचेरीत ठेवायचे, मग वाट्यांवर शिक्का. फाशीच्या धाकाने जे जमले नव्हते ते साध्या कारकुनी देखरेखीने पुष्कळसे जमले. न्यायमूर्ती रानडे १८८७ पासून या कायद्याचे खास न्यायाधीश होते. पण सावकारांनी वाट काढलीच. कर्जखताच्या मागे कोर्ट जाते तर कर्जखत लिहायचेच कशाला? सरळ खरेदीखत करून घ्यायचे आणि ‘पैसे दिलेस की जमीन परत’ हे तोंडी ठेवायचे. विक्रीचा कागद अस्सल आणि व्यवहार पुन्हा खोटा.

शंभर-सव्वाशे वर्षांनी पुण्याने याची उलटी बाजू पाहिली. अब्दुल करीम तेलगीच्या घोटाळ्यात स्टँपचा कागदच बनावट होता, आणि त्यासाठी त्याने नाशिकच्या सरकारी छापखान्यातली जुनी यंत्रे मिळवली होती. त्या कागदांवर लोकांनी केलेले करार, भाडेपट्टे, विम्याचे व्यवहार बहुधा खरेच होते. ठकवले गेले ते सरकारच्या महसुलाला. इथे तपास यंत्रणा, खास कोर्ट, मोक्का, सगळे हलले, आणि २००७ साली पुण्याच्या खास कोर्टाने तेलगीला १३ वर्षांची सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपये दंड ठोठावला. शिक्षा जास्त झाली असे मला म्हणायचे नाही. एवढेच नोंदवायचे आहे, की सरकारचा कागद खोटा निघाला तेव्हा राज्य ज्या जोराने उठले, तो जोर खऱ्या कागदावरच्या खोट्या खरेदीसाठी क्वचितच दिसतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीला ७ वर्षे आणि मौल्यवान रोख्याच्या बनावटीला जन्मठेपेपर्यंत, ही उतरंड तिनेही जशीच्या तशी ठेवली आहे.

राज्याच्या २०१४च्या सावकारी नियमन कायद्याने खरेदीखताच्या वाटेवर मात्र हात घातला आहे. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन, व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल तर, परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो आणि चौकशीअंती तो दस्त रद्दही करू शकतो. जुन्नर किंवा घोडेगावच्या कचेरीत नोंदलेल्या अशा खरेदीखतावर अंगठ्यांचे ठसे, फोटो, साक्षीदार सगळे रीतसर असते. विक्री झालीच नव्हती, जमीन तारण होती, हे दाखवायचे तर कागदापलीकडे जावे लागते. विक्रीनंतरही नांगर कोणाचा फिरत होता, सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीत नाव कोणाचे लागले, किंमत त्या वेळच्या बाजारभावाच्या मानाने किती होती, पैसे बँकेतून आले की रोख, आणि खरेदी घेणाऱ्याच्या नावावर त्या पंचक्रोशीत अशी आणखी किती खरेदीखते आहेत, हे तपासावे लागते.